स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला तर : कावीळ, पोटातले पाणी आणि गुंगी यांचा अर्थ काय?

पावसाळ्यात कोकणात कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरात पहिला शब्द निघतो तो ‘कावीळ’. मग पथ्य सुरू होते. तेल-तूप बंद होते, उसाचा रस येतो आणि कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. एरवी विषाणूंमुळे होणारी बरीचशी कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे श्रेय कुणालाही मिळाले तरी माणूस बरा होतो.

पण पिवळे डोळे झालेल्या बाईवर दोन-चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर हेच दोन-तीन आठवडे फार महाग पडू शकतात. कावीळ साधी असेल म्हणून ती अंगावर काढणे ही एक चूक. ‘आजार लिव्हरमध्ये गेला, आता काही उरले नाही’ असे ठरवून दवाखान्यात न नेणे ही दुसरी. कर्करोगाच्या रुग्णाला कावीळ होण्याची अनेक कारणे असतात आणि त्यांतली काही पूर्ण बरी होणारी असतात. नेमके कारण शोधणे हीच उपचारांची पहिली पायरी आहे.

थोडक्यात

• यकृतात पसरलेला स्तनाचा कर्करोग हा स्तनाचाच कर्करोग असतो. त्यावर उपचारही त्याचेच होतात.
• सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच त्रास जाणवत नाही.
• कावीळ, पोटात पाणी होणे, गुंगी येणे आणि रक्तस्राव या मुख्य गुंतागुंती आहेत.
• कावीळ झाली म्हणजे शेवट आला, असे नाही. मात्र ती तातडीने तपासायला हवी.
• झाडपाल्याची औषधे आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यकृताला आणखी इजा करू शकतात.

हा यकृताचा कर्करोग आहे का?

नाही. स्तनातल्या गाठीतून काही पेशी सुटतात, रक्तावाटे किंवा लसिकेवाटे फिरतात आणि दुसऱ्या अवयवात जाऊन वाढू लागतात. स्तनाचा कर्करोग मुख्यतः हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू या चार ठिकाणी जातो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा यकृतातून वाहतो. त्यामुळे फिरणाऱ्या पेशींना तिथे अडकायला आणि रुजायला वाव मिळतो.

यकृतात रुजल्या तरी त्या पेशी स्तनाच्याच राहतात. म्हणून यकृताच्या मूळ कर्करोगाची औषधे इथे चालत नाहीत, स्तनाच्या कर्करोगाचीच लागतात. या अवस्थेला चौथा टप्पा म्हणतात. काही स्त्रियांमध्ये निदानाच्या वेळीच आजार पसरलेला असतो, तर काहींमध्ये तो पहिल्या उपचारानंतर पाच, दहा किंवा त्याहून जास्त वर्षांनी डोके वर काढतो. त्यामुळे ‘ऑपरेशन होऊन बारा वर्षे झाली, आता त्याचा काय संबंध?’ असे गृहीत धरू नये. कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर जुन्या आजाराची माहिती आवर्जून सांगावी.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. मृत्यूचे प्रमाण इतके मोठे असण्यामागे आजार उशिरा कळणे हे एक मुख्य कारण आहे.

यकृत इतके दिवस गप्प का राहते?

यकृत उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते आणि मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. अन्न पचवायला लागणारे पित्त ते तयार करते. रक्त गोठवणारी आणि रक्तातले पाणी धरून ठेवणारी प्रथिने बनवते, साखरेचा साठा करते, औषधांचा आणि शरीरातल्या विषारी घटकांचा निचरा करते. हे पित्त म्हणजे आपण ‘पित्त झाले’ म्हणतो ती जळजळ नव्हे. तो यकृतातून आतड्यात उतरणारा हिरवट-पिवळा रस आहे.

या अवयवाकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असते. त्यामुळे एखाद्या भागात गाठी झाल्या तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. रक्ताचे अहवालही काही काळ नॉर्मल येऊ शकतात. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत यकृतावरचे डाग पहिल्यांदा दिसतात.

पुढे दिसणारी लक्षणे सुरुवातीला अगदी साधी वाटतात :

• सतत थकवा, भूक मंदावणे, वजन उतरणे
• दोन घास खाल्ले तरी पोट गच्च वाटणे
• उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणे
• उजवा खांदा दुखणे (यकृताचे आवरण ताणले की ही कळ खांद्यात जाणवते)
• मळमळ, वारंवार उचकी, कारण नसताना बारीक ताप

हे सगळे वय, ॲसिडिटी किंवा शेतीच्या कामाचा शीण म्हणून सोडून दिले जाते. पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला असा त्रास दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर यकृताची रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

यकृतावर दिसलेला प्रत्येक डाग कर्करोगाचाच असतो असेही नाही. पाण्याची गाठ, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, यकृतातला पू किंवा जमलेली चरबी यांमुळेही डाग दिसतो. स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या गोळीमुळेही काहींच्या यकृतात चरबी साठते.

कावीळ नेमकी कशामुळे?

जुन्या तांबड्या पेशी मोडताना बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो पित्तात मिसळून बाहेर टाकते. हा मार्ग कुठेही अडला की तो रक्तात साठतो. मग डोळे आणि कातडी पिवळी होते, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णात याची मुख्यतः पुढील कारणे असतात.

*१. पित्ताची नळी दबणे.* एखादी गाठ किंवा सुजलेली लसिका ग्रंथी नळीवर दाब देते. यकृत काम करत असते, पण पित्ताला वाट मिळत नाही. शौच पांढुरके, मातीच्या रंगाचे होते आणि खाज जास्त असते. इथे दुर्बिणीतून नळीत स्टेंट बसवून वाट मोकळी करता येते. या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. ते जमत नसेल तर बरगड्यांमधून सुई घालून पित्त बाहेर काढतात. कावीळ उतरली की थांबलेली केमोथेरपी पुन्हा सुरू करता येऊ शकते. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप येतो. ती तातडीची वेळ असते.

*२. गाठींनी यकृताचा मोठा भाग व्यापणे.* इथे नळी मोकळी असते, पण काम करणाऱ्या पेशीच कमी उरतात. बिलिरुबिन भराभर वाढते. नळी दबलेली नाही हे पाहिल्यावर बिलिरुबिन नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दीडपटीहून पुढे आणि झपाट्याने जात असेल, तर डॉक्टर त्याला अवयवावरचे संकट समजतात. अशा वेळी लवकर काम करणारे औषध निवडावे लागते. इथे दिवस मोजून निर्णय घ्यावे लागतात.

*३. औषधांचा परिणाम.* केमोथेरपी, रायबोसिक्लिबसारख्या नव्या गोळ्या, क्षयाची औषधे, जास्त प्रमाणात घेतलेले पॅरासिटामॉल, यांपैकी कशानेही यकृताला सूज येऊ शकते. औषध थांबवले किंवा मात्रा बदलली की बहुतेकदा सुधारणा होते. म्हणूनच काही गोळ्या सुरू केल्यावर पहिले दोन महिने दर पंधरवड्याला रक्त तपासायला सांगतात. बरे वाटते म्हणून ही तपासणी टाळू नये.

*४. हेपटायटिस बी पुन्हा जागा होणे.* काहींच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षे झोपून असतो. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती उतरली की तो उसळतो आणि त्यातून यकृत निकामीही होऊ शकते. हे टाळता येते. केमोथेरपीआधी साधी रक्त तपासणी करायची आणि विषाणू आढळला तर त्याच्या गोळ्या आधीपासून सुरू करायच्या.

*५. पावसाळी संसर्ग.* कर्करोग झाला म्हणून इतर आजार थांबत नाहीत. दूषित पाण्यातून हेपटायटिस ए आणि ई होतात. कोकणात लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र दुखणे, लाल डोळे, लघवी कमी होणे आणि कावीळ ही त्याची खूण. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर हा आजार बरा होतो.

या पाचही कारणांत डोळे सारखेच पिवळे दिसतात. उपचार मात्र एकमेकांहून पूर्ण वेगळे आहेत. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो तपासणीतच कळतो.

पोटात पाणी का साठते?

याला जलोदर म्हणतात. पोट फुगते, नाभी वर येते, साडी-परकराची गाठ घट्ट होऊ लागते, पायांवर सूज चढते आणि आडवे झाल्यावर दम लागतो. यकृत पुरेसे प्रथिन बनवत नसेल किंवा त्यातून जाणाऱ्या रक्ताला अडथळा येत असेल तर पाणी झिरपून पोटात साठते. कर्करोगाच्या पेशी पोटाच्या अस्तरावर पसरल्या तरीही पाणी होते. म्हणून पहिल्या वेळी काढलेल्या पाण्याचा नमुना तपासतात.

स्तनाच्या कर्करोगात एक वेगळा प्रकारही दिसतो. यकृतातल्या गाठी औषधांनी आक्रसतात, तिथे व्रण धरतात आणि स्कॅनमध्ये यकृत दारूने सिरोसिस झालेल्या माणसासारखे खडबडीत दिसू लागते. डॉक्टर याला आभासी सिरोसिस म्हणतात. दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईच्या अहवालात हा शब्द वाचून घरचे गोंधळतात. पण त्याचे परिणाम खरे असतात. यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, पोटात पाणी होते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते किंवा शौच डांबरासारखे काळे होते.

पाणी कमी करण्यासाठी मीठ कमी करणे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि गरज पडल्यास सुईने पाणी काढणे हे उपाय आहेत. पाणी काढल्यावर काही तासांत श्वास मोकळा होतो. पाणी काढल्याने माणूस खचतो, ही समजूत खरी नाही. जास्त पाणी काढायचे असेल तर शिरेतून अल्ब्युमिन देऊन तोल सांभाळता येतो. पाणी साठलेले असताना ताप आला किंवा पोट दुखू लागले तर त्या पाण्यात संसर्ग झालेला असू शकतो. त्यावर लगेच उपचार लागतात.

गुंगी आणि बडबड : हे ‘बाहेरचे’ नव्हे

आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृत निवळून टाकते. ते जमेनासे झाले की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. सुरुवात बारीक असते. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलताना शब्द न सापडणे, पैसे मोजताना चुकणे, चिडचिड, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणे. पुढे माणूस असंबद्ध बोलतो आणि गाढ गुंगीत जातो.

काही घरांत याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे जातात. हा आजाराचाच भाग आहे आणि बऱ्याचदा उलटवता येतो. बद्धकोष्ठता, संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, पोटातला रक्तस्राव किंवा झोपेची गोळी हे त्याचे निमित्त असते. ते दूर करून दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके लॅक्टुलोजचे पातळ औषध दिले की अनेकांची शुद्ध एक-दोन दिवसांत परत येते. मेंदूतल्या गाठी, रक्तातले वाढलेले कॅल्शियम आणि उतरलेली साखर यांमुळेही गोंधळ होतो. त्यामुळे तपासणी हवीच.

कोणत्या तपासण्या लागतात?

यकृताची रक्त तपासणी, म्हणजे एलएफटी, आणि पोटाची सोनोग्राफी रत्नागिरीत आणि तालुक्याच्या बहुतेक मोठ्या गावांत होते. एवढ्यावरून पित्ताची नळी फुगली आहे का, यकृतावर डाग आहेत का, पोटात पाणी आहे का, हे कळते. रक्त गोठायला लागणारा वेळ, हेपटायटिसच्या चाचण्या आणि ताप असेल तर लेप्टोची चाचणी याच टप्प्यावर करून घ्यावी. हे अहवाल हातात घेऊन पुढे गेले तर मोठ्या रुग्णालयातले दिवस वाचतात.

पुढे सीटी स्कॅन, एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो. शक्य असेल तर यकृतातल्या गाठीचा सुईने तुकडा घेतात. ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ या भीतीने अनेक जण नकार देतात. पण या तपासणीवर पुढचे सगळे अवलंबून असते. पहिल्या गाठीत आढळलेले हार्मोनचे आणि हर-टूचे गुणधर्म यकृतातल्या गाठीत बदललेले असू शकतात, आणि औषध त्यांवरूनच ठरते.

उपचार काय असतात?

चौथ्या टप्प्यात आजार सहसा मुळापासून जात नाही. तो रोखणे, त्रास कमी करणे आणि आयुष्य वाढवणे हे उपचारांचे ध्येय असते. यात गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला आहे.

*हार्मोनला प्रतिसाद देणारा प्रकार :* हार्मोनरोधक गोळ्यांसोबत पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब देतात. रायबोसिक्लिबच्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्याहून जास्त स्त्रिया पाच वर्षांहून अधिक जगल्या. २०२३ च्या सुरुवातीला पाल्बोसिक्लिबचे भारतातले पेटंट संपले, अनेक भारतीय कंपन्यांनी ती बनवली आणि किंमत बरीच उतरली.

*हर-टू पॉझिटिव्ह प्रकार :* ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब या इंजेक्शनांसोबत केमोथेरपी. एका जागतिक अभ्यासात या उपचारावर असलेल्या स्त्रियांपैकी ३७ टक्के आठ वर्षांनंतरही हयात होत्या. आजार पसरलेल्या स्त्रियांसाठी पूर्वी असा आकडा कुणी मांडला नसता. ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या उपलब्ध आहेत.

*तिन्ही गुणधर्म नसलेला प्रकार :* केमोथेरपी, काहींना इम्युनोथेरपी आणि पुढे नवी लक्ष्यवेधी औषधे.

हे आकडे आजार पसरलेल्या सगळ्या रुग्णांचे आहेत. यकृत जास्त व्यापलेले असेल तर वाट बिकट असते. बिलिरुबिन वाढलेले असताना काही केमो औषधांची मात्रा कमी करावी लागते किंवा ती टाळावी लागतात, कारण त्यांचा निचरा यकृतच करते.

‘गाठ कापून टाका’ असा आग्रह घरचे धरतात. आजार पसरल्यावर स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढते का, याचा कस लावणारा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाला. ३५० स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढले नाही. जखम, रक्तस्राव असा त्रास असेल तर शस्त्रक्रिया करतात, पण तिचा सरसकट फायदा नाही. यकृतातल्या एक-दोन गाठी जाळणे किंवा त्यांवर नेमके किरण देणे हे निवडक रुग्णांमध्येच करतात.

कावीळ उतरवणे आणि झाडपाला

हातावर किंवा डोक्यावर काहीतरी चोळून धुतलेले पाणी पिवळे झालेले दाखवतात आणि कावीळ उतरली असे सांगतात. रक्तातले बिलिरुबिन कातडीतून असे धुऊन निघत नाही. पाणी पिवळे होते ते चुना आणि झाडाच्या सालीसारख्या पदार्थांच्या क्रियेमुळे. नाकात पिळले जाणारे कडू रस नाकाच्या अस्तराला भाजतात. खरे नुकसान होते ते वेळेचे. नळी दबलेली असेल तर या दिवसांत आत जंतुसंसर्ग होतो.

‘नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही’ हेही खरे नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा जणांमध्ये यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. वाद काहीही असो, गाठींनी आधीच दमलेल्या यकृतावर घटक माहीत नसलेली पुडी लादणे धोक्याचे आहे. काही घेतले असेल तर लपवू नये, पुडी डॉक्टरांना दाखवावी.

घरी काय सांभाळावे?

*जेवण :* कावीळ म्हटली की घरात फिका भात आणि पेज सुरू होते. कर्करोगाच्या रुग्णाचे वजन आधीच उतरत असते, त्यात प्रथिने बंद केली तर अशक्तपणा झपाट्याने वाढतो. अंडी, ताजे मासे, डाळ, दही, मऊ भात थोडा-थोडा पाच-सहा वेळा द्यावा. गुंगीचा त्रास असला तरी प्रथिने मनाने बंद करू नयेत. पोटात पाणी असेल तर लोणचे, पापड, सुकट, खारवलेले मासे हे पहिले कमी करावे, कारण मीठ तिथे जास्त असते. रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ टाळावा. पाणी उकळून द्यावे. दारू पूर्ण बंद.

*वेदनाशामक :* डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच घ्यावे. यकृत बिघडलेले असताना ही मर्यादा बहुधा दिवसाला दोन ग्रॅम ठेवतात. यकृताचे आवरण ताणून होणाऱ्या दुखण्यावर स्टेरॉईडचा उपयोग होतो आणि तीव्र वेदनेवर मॉर्फिन कमी मात्रेत देतात.

*खाज :* कोमट किंवा थंड पाण्याची अंघोळ, सुती कपडे, कापलेली नखे आणि कातडीला खोबरेल तेल याने थोडा आराम पडतो. खाजेवर गोळ्याही आहेत, त्या मागून घ्याव्यात.

रत्नागिरीहून कुठे जायचे?

पहिल्या तपासण्या जिल्हा शासकीय रुग्णालयात होऊ शकतात. चिपळूण तालुक्यातले डेरवणचे वालावलकर रुग्णालय अनेक वर्षे टाटा मेमोरियलच्या साथीने जिल्ह्यात कर्करोगाची तपासणी आणि नोंदणीचे काम करत आले आहे. पुढच्या उपचारांसाठी मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा हे पर्याय असतात. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून सुरू आहे आणि जिल्ह्यातले बरेच रुग्ण तिथेच जातात. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा अनेक कुटुंबांना आधार होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. प्रत्येक नवे औषध योजनेत बसतेच असे नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला औषधाचे नाव सांगून आधीच विचारावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसी डब्यात पूर्ण सवलत असते. सोबतच्या माणसालाही ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा.

दर खेपेला मुंबई गाठणे सगळ्यांना झेपत नाही. रक्त तपासणी, पोटातले पाणी काढणे, शिरेतून औषध देणे हे गावाजवळ होऊ शकते. मुंबईच्या डॉक्टरांकडून तसे लेखी पत्र आणि स्थानिक डॉक्टरांसाठी सूचना मागून घेतल्या तर बऱ्याच फेऱ्या वाचतात. सगळे अहवाल तारखेनुसार एका फाईलमध्ये ठेवावेत आणि मोबाईलवर त्यांचे फोटोही असावेत.

थांबायचे नाही अशी लक्षणे

यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे :

• कावीळ आणि सोबत थंडी वाजून ताप
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच
• असंबद्ध बोलणे, न उठणारी झोप
• फुगलेले पोट आणि ताप किंवा पोटात तीव्र दुखणे
• लघवी फार कमी होणे
• एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढणारा पिवळेपणा
• केमोथेरपी सुरू असताना आलेला कोणताही ताप

औषधांचा उपयोग थांबला तर?

कधीतरी अशी वेळ येते की आणखी केमोथेरपी यकृताला झेपत नाही आणि तिने आयुष्य वाढण्याऐवजी उरलेले दिवस रुग्णालयात जातात. तेव्हा केमो थांबवणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे. वेदना, खाज, दम, मळमळ, गुंगी यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात. त्याला परिहार सेवा म्हणतात आणि ती शेवटच्या आठवड्यात नाही, तर आजार पसरल्याचे कळते तेव्हापासूनच कर्करोगाच्या उपचारांबरोबर सुरू व्हायला हवी. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाल्यावर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन देणे सोपे झाले आहे. वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागत नाही.

अनेक घरांत ‘तिला सांगू नका’ असे ठरते. पण पिवळे डोळे आरशात तिलाही दिसत असतात. तिला किती जाणून घ्यायचे आहे, कुठे राहायचे आहे, मुंबईत की आपल्या घरी, हे ती शुद्धीत असताना विचारायला हवे. यकृत बिघडल्यावर गुंगी येऊ शकते आणि मग विचारायचे राहून जाते. हे प्रश्न डॉक्टरांसमोर, तिच्या उपस्थितीत झाले तर पुढचे निर्णय घरच्यांनाही सोपे जातात.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)